गव्हाणीतून काढलेला बैल

नाताळात पोरांसोबत काय काय करावं, याच्या याद्या आजकाल मोबाईलवर येतात. बर्फाचा माणूस करा, धुराड्याला मोजे टांगा. अरे, अमरावतीत कुणाच्या घराला धुराडं आहे? आमच्याकडे डिसेंबरातही दुपारी पंखा लावावा लागतो! असली यादी वाचली की माझं डोकंच फिरतं.

आमच्या घरी नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या आणि येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाण. लेक तीन वर्षांची होती तेव्हा नुसती डिंकात बोटं बुडवून बसायची. पाचव्या वर्षी करंजीची कड कातायला लागली. तिच्या निम्म्या करंज्या तेलात फुटायच्या, तरी कातणं मी तिच्याकडून काढून घेतलं नाही. सातव्या वर्षापासून गव्हाण मात्र पूर्ण तिच्या ताब्यात. माझे बाबा चांदूर बाजारहून काळी माती, कडबा आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पोत्यात भरून आणायचे. पऱ्हाट्यांचे खांब, वर कडब्याचं छप्पर, आणि बाळ येशूच्या उशाशी तिचा लाकडी बैल. लाल शिंगांचा, पाठीवर झूल असलेला. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली सगळी पोरं असे बैल ओढत घरोघरी जातात, त्यांत आमचीही जायची. येशू गोठ्यात जन्मला, आणि गोठा म्हटलं की तिला हाच बैल माहीत. यात कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं ना! ती दहा वर्षांची होती तेव्हा चर्चच्या आवारात गव्हाणींची स्पर्धा ठेवली. परीक्षक म्हणून बाहेरगावचे एक कोटवाले गृहस्थ आले. आमच्या गव्हाणीपाशी थांबले, मान हलवली आणि मला म्हणाले, "मांडणी छान आहे. पण हा पोळ्याचा बैल इथे शोभत नाही. काढलात तर नंबरात घेता येईल."

शेजारच्या गव्हाणीवर थर्माकोलचा बर्फ पडला होता आणि छपरावर हरणांची गाडी उभी होती. ते शोभत होतं! हरणांची गाडी बेथलेहेमची, आणि बैल तेवढा परका. वा रे वा!

लेक बैलासमोर आडवी उभी राहिली. "मी नाही काढत," म्हणाली. "त्याच्याच घरात त बाळ झालं!"

आता तुम्हाला वाटेल, मी त्या माणसाला चांगलं फैलावर घेतलं असेल. कसलं काय! आजूबाजूच्या बाया बघत होत्या. 'यांच्या घरी अजून पोळाच चालू आहे का,' असं कुणी म्हणेल या धास्तीनं मी कानकोंडी झाले. शिवाय नंबराचा मोह होताच, खोटं कशाला बोलू? मी तिचा हात बाजूला केला, बैल उचलला आणि पिशवीत टाकला. "दोन मिनिटाचं त काम आहे, मंग ठेवजो," म्हटलं.

दुसरा नंबर आला. नाव पुकारलं तर ती जागची हललीच नाही. शेवटी मीच जाऊन कप घेतला.

ऑटोत बसल्यावर तिनं विचारलं, "आई, तू काहून काढला?"

"अवं, त्यायनं सांगितलं म्हणून."

"मी बी त सांगत होती."

मग मी त्या कोटवाल्यालाच धरून बसले. पुढची चार वर्षं, जो भेटेल त्याला, फोडणी देऊन देऊन हीच गोष्ट सांगितली. कोण कुठला माणूस, पोरीच्या खेळात नाक खुपसतो, त्याला गोठ्यातलं काय कळतं! सगळे माझ्या बाजूनं बोलायचे, बरं वाटायचं. त्या माणसानं बैलाला बोटसुद्धा लावलं नव्हतं, एवढं मात्र मी कुणालाच सांगितलं नाही.

लेक आता चौदा वर्षांची आहे. परवा बाबांनी नेहमीसारखं पोतं आणून ठेवलं. मी ते सोडलं, माती चाळली, पऱ्हाट्या सारख्या करून ठेवल्या आणि तिला हाक मारली, "ये वं, गव्हाण करू."

ती आली. दारातच उभी राहिली. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमा लोकायले जशी पाहिजे तशी कर."