गळ्यात पडून रडण्याची रीत

वाशिममध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून एक आजी राहतात. बंजारा समाजाच्या, माहेर आणि सासर दोन्ही मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवरचं. नवरा शिक्षक होता म्हणून शहरात घर झालं. तो गेल्यावरही त्या इथेच राहिल्या. एकुलता मुलगा आयर्लंडमध्ये एका रुग्णालयात परिचारक आहे. सून केरळची, तीही त्याच कामात. त्यांना दहा वर्षांची मुलगी आहे. आजींनी तिला प्रत्यक्ष पाहिलं ते ती रांगत होती तेव्हा. त्यानंतर फक्त फोनच्या पडद्यावर.

यंदा बंजारांच्या पोहरादेवीच्या यात्रेसाठी मुलगा तिला घेऊन येणार होता. सुनेला रजा मिळाली नव्हती. येण्याच्या आदल्या दिवशी आजी कुंपणाशी येऊन मला म्हणाल्या, "पोट्टी माह्या गळ्यात पडली पायजे, भाऊ. फोनवर हात हालवते ते काई खरं नाई. गळ्यात पडून रडली तं नात. नाईतं पाहुनी."

हे समजण्यासाठी एक रीत माहीत हवी. बंजारा बायका बऱ्याच काळाने भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. ते दुःखाचंच असतं असं नाही. आधी नात्याची हाक येते, मग मधल्या काळात घडलेलं सगळं: कोण गेलं, कुणाला मूल झालं, विहिरीला पाणी लागलं की नाही, तू लग्नाला का आली नाहीस. समोरची त्याच सुरात आपलं सांगते. दोघींचं सांगून झालं की पदराने डोळे पुसतात आणि चहा टाकतात. शेजारी राहून मी हे अनेकदा ऐकलं आहे. गोरबोली ही त्यांची भाषा मला येत नाही, पण हे रडणं म्हणजे एक प्रकारचा वृत्तांत आहे एवढं कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. मुलगी उतरली, आजी पुढे झाल्या, तिच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला. मुलगी ताठ उभी राहिली. मग तिने वडिलांकडे पाहून इंग्रजीत विचारलं, "कोण गेलं?"

कुणीच नाही, असं वडील सांगत होते, पण तिला ते पटेना. आजीचा सूर चालूच होता. मुलगी रडू लागली, खरीखुरी. केरळची आजी आजारी होती; ती गेली आणि आपल्यापासून लपवलं, असा तिचा समज झाला. शेवटी अंगणातच केरळला फोन लावावा लागला. तिकडच्या आजीने जेवण झालं का म्हणून विचारलं, तेव्हा ती शांत झाली.

आजींना इंग्रजी येत नाही, पण काय झालं ते त्यांना कळलं. त्या ओट्यावर जाऊन बसल्या. "रडली," मला म्हणाल्या, "पन दुसरीसाठी."

मुलीची चूक तिच्या शाळेतून आली होती. ती आयरिश माध्यमाच्या शाळेत शिकते. जुन्या काळी तिकडे मृताच्या उशाशी बसून बायका सुरात विलाप करत. ती प्रथा आता उरलेली नाही, पण शाळेत त्याची ध्वनिफीत ऐकवली होती. सुरात रडणारी म्हातारी बाई म्हणजे घरात कुणीतरी गेलं, एवढं तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून बसलो. आजींनी मुलाशी बोलायला मुद्दाम वऱ्हाडी घेतली, मलाही समजावं म्हणून. "पोट्टीले तिथली भाषा शिकवली. तिथल्या लोकायले तरी येते का ते?"

"थोड्याच जनायच्या घरात बोलतात, याडी," मुलगा म्हणाला. याडी म्हणजे आई. "बाकी सारे इंग्रजीच बोलतात. भाषा मरू नये म्हनून शाळा काढल्या. आपल्यासारखेच लोक हायेत ते."

"आपल्यासारखे हायेत तं त्यायनं केलं ते तू काहून नाई केलं?"

मग माझ्याकडे वळून त्याने विषय बदलला, की वाढवला, ते सांगता येत नाही. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, मॅन नावाचं बेट आणि फ्रान्सचा ब्रिटनी हा कोपरा, हे सगळे स्वतःला केल्ट म्हणवतात. भाषांचं मूळ एक. मागच्या उन्हाळ्यात तो मुलीला ब्रिटनीतल्या मेळ्याला घेऊन गेला होता. सगळीकडचे लोक आपापली वाद्यं घेऊन येतात. मुलगी वेल्सच्या एका मुलीबरोबर दिवसभर नाचली.

"तुम्हाला एकमेकींची भाषा कळली?" मी मुलीला इंग्रजीत विचारलं.

"नाही. पण आम्ही बहिणी लागतो."

मी नंतर हे तपासून पाहिलं. आयरिश माणसाला वेल्श कळत नाही हे खरं आहे. कॉर्नवॉलची आणि मॅन बेटाची भाषा तर घराघरांतून संपली होती. लोकांनी ती पुस्तकांवरून पुन्हा उभी केली. इतकंच नव्हे, तर केल्ट हे नावही त्यांच्या पूर्वजांनी स्वतःसाठी वापरल्याचा फारसा पुरावा नाही. भाषांमधलं नातं अभ्यासकांनी दाखवलं, नाव त्यांनी दिलं, लोकांनी ते नंतर स्वीकारलं. पोहरादेवीला येणाऱ्यांचं याच्या उलट आहे. तेलंगणातला, कर्नाटकातला आणि मानोऱ्याचा बंजारा घराबाहेर तीन वेगळ्या भाषा बोलतो, तीन लिप्यांत शिकतो. पण यात्रेत भेटले की गोरबोलीत सरळ बोलतात. तिकडे भाषा तुटली आणि लोकांनी नातं ठरवून जोडलं. इथे भाषा टिकली आहे, पण ती पुढे द्यायची हे कुणी ठरवलेलं नाही. निदान आमच्या शेजारच्या घरात नव्हतं.

यात्रेच्या दिवशी माझ्या गाडीतून गेलो. रस्ता जीप आणि ट्रॅक्टरनी भरला होता. दर्शनाच्या रांगेबाहेर आजींना त्यांची मावसबहीण भेटली. तिचं लग्न तेलंगणात झालेलं. दोघींची बऱ्याच वर्षांनी गाठ पडत होती. दोघी जागीच थांबल्या, गळ्यात पडल्या आणि सुरू झाल्या. गर्दी त्यांना वळसा घालून जाऊ लागली.

वडिलांनी एव्हाना ही रीत समजावली होती, त्यामुळे या वेळी मुलगी घाबरली नाही. ती जवळ जाऊन ऐकू लागली. "काय सांगतात?" तिने वडिलांना विचारलं.

त्याला सगळं सांगता येईना. हे बायकांचं आहे, पुरुष ते शिकत नाहीत. तरी तो तुकड्यातुकड्याने सांगत गेला: आजोबा गेले ते सांगते आहे, गुडघे दुखतात, तुरीला भाव नाही. मग तो थांबला.

"पुढे?"

"तुझं सांगते आहे. नात समुद्रापलीकडून आली. मी गळ्यात पडले तर मला ओळखलं नाही. दुसऱ्या आजीसाठी रडली."

"पण हे अर्धंच आहे," मुलगी म्हणाली. "मला नियम माहीत नव्हता. माझी बाजू कोण सांगणार?"

वडिलांनी खांदे उडवले. ती पुढे गेली, दोघींच्या मध्ये शिरली, आजीच्या गळ्यात हात टाकले आणि मोठ्याने सुरात सांगू लागली. आयरिशमध्ये. का, ते मी नंतर विचारलं. सुरात सांगायचं म्हणजे आयरिशमध्ये, शाळेत तसंच असतं, असं तिचं उत्तर होतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. उलट ती थोडी रागावलेली होती.

त्या दोन सुरांचा मेळ बसला असं मी लिहिणार नाही. बसला नाही. मावसबहीण तोंडावर पदर धरून हसू लागली. आजी मात्र हसल्या नाहीत. समोरची सांगत असताना द्यायचे असतात तसे हुंकार त्या प्रत्येक ओळीच्या शेवटी देत राहिल्या, मुलीचं संपेपर्यंत. मग डोळे पुसून मुलाला विचारलं, "काय म्हनली?"

"मलेही पुरतं नाई समजलं, याडी. तिले तुमची रीत माईत नव्हती, असं काईतरी."

"रडली तं नाईच," मावसबहीण म्हणाली.

"भांडली," आजी म्हणाल्या. "पाहुनी भांडत नसते."

रांग पुढे सरकली होती. आजींनी नातीचा दंड धरून तिला आपल्यापुढे उभं केलं. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ आजी, मधात कायले घुसवता?" आजींनी मान न वळवताच सांगितलं, "माही नात हाय." मग वाकून त्या मुलीच्या कानाशी एकेक शब्द गोरबोलीत म्हणू लागल्या आणि मुलगी तो परत म्हणू लागली. पहिला शब्द तिला तीनदा म्हणावा लागला.