ओटीतले चिमूटभर तांदूळ

आयर्लंडमधलं लिक्सलिपचं घर सोडलं त्या सकाळी माझी ओटी सासऱ्यांनी भरली. पुरुषाने ओटी भरल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनीही नसावं, कारण आधी हळद की आधी कुंकू, इथेच ते अडले. निखिल, माझा नवरा, वरच्या खोलीत हेडफोन लावून मीटिंगमध्ये होता. बायको नोकरीसाठी एकटी शॅननला चाललीय हे त्याला ठाऊक होतं. तो खाली आला नाही.

देश सोडताना पुण्यात आईने ओटी भरली होती. "चिमूटभर तांदूळ परत डब्यात टाक, म्हणजे पुन्हा येणं होतं," ती म्हणाली होती. तेव्हा मला जायचीच घाई होती.

बाबा, म्हणजे सासरे, सासूबाईंच्या माघारी एकटेच, २०२०च्या सुरुवातीला वर्ध्याहून पाहुणे म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यावर अडकलेच. निखिल वाईट वागायचा असं नाही. तो वागायचाच नाही. चिपच्या प्लांटमधून यायचा, ताट उचलून वर जायचा. मी केस कापले काय, तापाने फणफणले काय, त्याला पत्ता नसे. आईला सांगितलं तर म्हणायची, "मारत नाही, पीत नाही. जुळवून घे गं."

बाबांना सांगावं लागलंच नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. "तू बस, मंग मी जेवतो." सासऱ्यांच्या समोर बसून जेवायचं म्हणजे सुरुवातीला घास उतरेना. मग सवयच झाली. दुपारी आम्ही कॅनॉलच्या काठाने फिरायचो. समोरून येणारं कुणीही "ग्रँड डे" म्हणालं की भर पावसातही बाबा "ग्रँड, ग्रँड!" म्हणून हात हलवायचे. लग्नानंतर मी पोटभर हसले ती त्या काठावर.

मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत नोकरी मिळाली तेव्हा निखिल म्हणाला, "तुझं तू बघ." हरकत घेण्याइतकंही त्याचं लक्ष नव्हतं. मी गेले तर बाबांचं कसं, असं म्हणत मी टाळत राहिले. खरं तर भीती वाटत होती. शेवटी बाबाच बोलले, "माह्या पोराले सांगून थकलो मी. आता तुले थांब म्हनायले मले तोंड नाही. जाय तू."

तर त्या सकाळी त्यांनी किचनच्या प्रेसमधून, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, तांदळाचा डबा काढला. नारळाच्या जागी सफरचंद ठेवलं. "तुह्या सासूच्या हातचं समज," म्हणाले. मी सवयीने ओटीतले चिमूटभर तांदूळ उचलून डब्यात टाकायला गेले, तर त्यांनी डब्यावर हात ठेवला.

"इथं नको टाकू, पोरी. वर्ध्याले टाकजो. मी असीन तिथं."

पुढे विमानं सुरू झाली, बाबा परतले. शॅननला माझी शिफ्ट संपली की अजून फोन येतो, "जेवली काय?" माझ्या फ्लॅटच्या प्रेसमध्ये चहाच्या डब्यामागे त्या तांदळाची पुडी आहे. इथल्या मैत्रिणी विचारतात, माहेरी कधी जाणार? घर म्हटलं की आता मला वर्ध्याचं ते स्वयंपाकघर आठवतं, जिथे मी लग्नानंतर जेमतेम आठवडाभर राहिले.

तिकीट काढलंय. पुण्याला जाईनच, पण आधी वर्ध्याला. तांदळाचा डबा कुठे ठेवलाय ते बाबांनी फोनवर सांगून ठेवलंय.