भावोजींचा मुद्देमाल

चूक नाकारणाऱ्या माणसाला आमचे भावोजी एक वेळ सोडतील, पण स्वतःहून कबूल करणाऱ्याची त्यांच्या हातून सुटका नाही. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. राहायला मुलुंडला आणि नोकरी कोर्टात, मुद्देमालाच्या खोलीवर. चोरीची भांडी, मारामारीतल्या काठ्या अशा जप्त वस्तूंना चिठ्ठी बांधायची, वर लाखेचं सील ठोकायचं आणि निकाल लागेपर्यंत कुणाला बोट लावू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. ते काम कोर्टात ठेवून घरी आले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण पहिल्या धुण्यात रंग गेलेला सदरा, आठवड्यात कान तुटलेली कढई, सगळं सील होऊन ताईच्या कपाटात बसलेलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकदा चहात माशी निघाली. मालकानं बिचाऱ्यानं हात जोडले, दुसरा चहा आणला. तर हे म्हणाले, "हा चहाच्या बदल्यात चहा झाला. माशी बघितली, त्याचं काय?" मी टेबलाखाली शिरायचा तेवढा बाकी होतो.

अशा माणसाला गाडी मिळाली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचे ते दिवस. चाकाखाली लिंबू झालं, नारळ फुटला आणि भावोजी पेढे घेऊन बोरिवलीला आमच्याकडे आले. आई माझ्याकडे असायची. तिचे गुडघे गेलेले, ताईची नवी जागा तिनं पाहिलीच नव्हती. "आई, रिक्षात हाडं खिळखिळी करून घ्यायची नाहीत. रविवारी जावयाच्या गाडीतून मुलुंडला यायचं," ते म्हणाले. आईनं ही बातमी बिल्डिंगच्या गच्चीपर्यंत पोचवली आणि ठेवणीतलं इरकली लुगडं बाहेर काढलं. शुक्रवारी भावोजींना गाडीच्या कंपनीचं पत्र आलं. ब्रेकचा एक भाग सदोष असण्याचा संभव आहे, गाडी घेऊन या, विनामूल्य बदलून देऊ.

दुसरा कुणीही गाडी घेऊन गेला असता. भावोजींनी शेजारच्या दोघांना पंच म्हणून बोलावून चारही दारांना दोरा बांधला आणि लाख ओतली.

"अहो, फुकट देतायत ना बदलून? मग द्या की गाडी!" मी मुलुंडला जाऊन ओरडलो.

"दोष त्यांचा आणि हेलपाटा माझा? आधी भरपाई. भाग बदलला की पुरावा गेला, पुरावा गेला की केस गेली."

"कसली भरपाई? तुम्हाला साधं खरचटलंसुद्धा नाही!"

"ते मी त्यांनाच सांगेन," एवढं म्हणून ते आत गेले.

महिने गेले. कंपनी नम्रपणे बोलावत राहिली, हे तितक्याच नम्रपणे नकार देत राहिले. गाडीवर धूळ बसली, टपावर मांजरीनं संसार मांडला. ताई माझ्यावरच चिडायची, "अरे, खाली गाडी उभी आणि मी भाजीच्या पिशव्या घेऊन चालतेय. वाट लागलीय माझी!" आणि घरी आई दर रविवारी इरकली नेसून खिडकीशी बसायची. मी रिक्षा आणतो म्हटलं की म्हणायची, "जावयानं शब्द दिलाय. मी रिक्षातून गेले तर त्यांना काय वाटेल?" त्या खिडकीकडे बघून मला भावोजींनाच सील ठोकावंसं वाटायचं.

शेवटी एका रविवारी आईच म्हणाली, "आण रे रिक्षा." पवईच्या खड्ड्यांतून कण्हत कण्हत आम्ही मुलुंडला पोचलो. आई वर गेलीच नाही. सरळ गाडीपाशी जाऊन उभी राहिली. भावोजी धावत खाली आले.

"जावईबापू, दार उघडा."

"आई, सील आहे."

"तुम्हीच लावलंय ना? मग तुम्हीच तोडा."

कोर्टातल्या इतक्या वर्षांत निकालाआधी त्यांनी सील तोडलं नव्हतं. पण त्यांनी दोरा ओढला, लाख फोडली. आई मागच्या सीटवर ऐसपैस बसली. ब्रेकची खात्री नसल्यामुळे भावोजींनी किल्लीला हात लावला नाही, नुसते स्टिअरिंग धरून पुढे बसले. ताईनं चहा खालीच आणला.

"काय मागताय एवढं त्या कंपनीकडे?" आईनं विचारलं.

भावोजींनी चहाचा कप समोर ठेवला. मग समोर बघतच म्हणाले, "तुम्हाला शब्द दिला होता, आई. तुमच्यासमोर मान खाली गेली माझी. त्याची भरपाई."

मी इतके महिने नुसता ओरडत होतो. हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"ती भरपाई कंपनी कुठून देणार?" आई म्हणाली. "ती माझ्याकडे आहे. दिली, जा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी दुरुस्तीला गेली. पुढे आई त्या गाडीतून पुष्कळ हिंडली. आता आई नाही, गाडीही विकली. काढून टाकलेला तो ब्रेकचा तुकडा मात्र भावोजींनी मागून आणला होता. तो अजून त्यांच्या कपाटात आहे, सील न केलेला. "निकाल लागला ना," ते म्हणतात, "आता कशाला सील?" मी हल्ली त्यांच्याशी वाद घालत नाही.