तानुबाईचं खरं

बोरीत तानुबाईला तोंडावर मावशी म्हणत अन् पाठ फिरली की काडीलावी. गावानं काही उगं नाव ठेवलं नव्हतं. ह्या घरचं बोलणं त्या घरी न्यायचं, जाता जाता त्याला तिखटमीठ लावायचं, अन् भांडण पेटलं की तोंडाला पदर लावून सगळ्यांच्या पुढं उभं राहायचं. निजाम गेला, सरकार बदललं. बाईची खोड काही गेली न्हाई.

पोलीस ॲक्शनला दोन वर्षं झाली असतील. त्या साली पंचमीला तिच्या लेकीला, कोकिळाला, सासऱ्यानं माहेरी धाडलं नाही. गावातच दिलेली पोर, चार घरं ओलांडली की माहेर! सासरा सटवाजी रानातल्या निंदणीचं निमित्त सांगून मोकळा झाला. तानुबाईच्या ते लय जिव्हारी लागलं.

सटवाजीचा एक बैल अन् शेजारच्या लिंबाजीचा एक, अशी जोडी करून औत हाकायची दोघांची सावड. पावसानं ताण दिला, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन खुरटली, अन् त्या दिवशी सटवाजीकडं बांधलेला लिंबाजीचा हरण्या दावं तोडून तीत शिरला. तसली कोवळी ज्वारी जनावराला विषच. तानुबाईनं बांधावरून सगळं पाह्यलं होतं. घटकाभरात हरण्या सटवाजीच्या दारात पाय खोडून मेला. तिनं लिंबाजीला जाऊन सांगितलं काय, तर बैलानं सटवाजीच्या हातची पेंड खाल्ली अन् गेला. एवढंच. पुढचं लिंबाजीनं आपल्या मनानं जोडलं.

आठ दिवस तो रानाकडं फिरकला नाही. नवव्या दिवशी सकाळी ओट्यावर कुऱ्हाडीला धार लावत बसला, बाजूला दोघं भाऊ. तानुबाईनं ते पाह्यलं अन् तशीच ओट्यापाशी गेली. सटवाजी अन् जावई रानात होते, अन् भाकरी घेऊन कोकिळाच जाणार होती.

"लिंबाजी, बैल ज्वारीनं गेला. म्या डोळ्यानं पाह्यलं."

त्यानं मान वर केली नाही. "लेकीसाठी आलीस, मावशे. त्या दिशी खरं बोललीस, आज खोटं बोलायलीस."

मेलीनं जन्मात एकदा खरं सांगितलं, ते असं वाया गेलं. ती रानाकडं जाणाऱ्या पांदीकडं पळत सुटली. कोकिळा डोक्यावर टोपलं घेऊन चालली होती. जाऊ नको, माघारी फिर, म्हणून तानुबाईनं हात जोडले.

कोकिळा थांबली. "माय, आता आणखी कुणाचं सांगायला आलीस?"

तिनं टोपलं सावरलं अन् रानाची वाट धरली. थोड्या वेळानं तिघं जण तानुबाईच्या अंगावरून, कुऱ्हाड घेऊन, त्याच पांदीनं पुढं गेले.