आप्पांची शेवटची चढाई

आमच्या आप्पांची कबड्डीतली कारकीर्द मी संपवली. दहा-बारा बादल्या पाण्यात!

आप्पा म्हणजे माझे सख्खे चुलते. निमगाव साव्यात त्यांच्या चढाईचा दरारा होता. जिल्ह्याचा संघ निवडणारे साहेब आमच्या गावात जुन्नरशी होणाऱ्या सामन्याला येणार होते आणि मातीच्या मैदानावर पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं. खरं तर धूळ बसण्यापुरतंच शिंपडायचं. पण चुलत्यासाठी हात कशाला आखडायचा? मैदानाचं लोणी करून टाकलं! पहिल्याच चढाईला आप्पा घसरले, गुडघा उलटा फिरला आणि साहेब जीपमध्ये बसून निघून गेले. "पाणी कुणी मारलं रं?" म्हणून सगळे ओरडत होते, तेव्हा मी शेजारच्या उसात लपलो होतो. पुढं पन्नास वर्षं आप्पा लंगडत चालले, आणि मी मास्तर होऊन पोरांना 'नेहमी खरे बोलावे' शिकवत राहिलो.

गेल्या महिन्यात आप्पा गेले. आमच्याकडं जिवंतपणी माणसाला कुणी विचारत नाही, दहाव्याला मात्र माईक सुटत नाही! मीही घाटावर चार पानी भाषण ठोकलं. 'दैवाने घात केला' असंही वाचलं. (दैव कशाला? बादली माझ्याच हातात होती!)

भाषणं संपली, पण पिंडाला कावळा शिवेना. कडुलिंबावर पाचसहा बसलेले, एकही हलेना.

"काय ऱ्हायलं असंल वं ह्यांचं?" काकी रडकुंडीला आली.

"आप्पा, नातीचं लगीन धूमधडाक्यात करू!" त्यांचा थोरला म्हणाला. कावळे ढिम्म.

"बोअरची मोटर बदलतो!" धाकटा म्हणाला. ढिम्म.

"आप्पांच्या नावानं कबड्डीच्या भव्य स्पर्धा भरवू!" एक पुढारी माईकवरून गरजले. त्यासरशी दोन कावळे उडूनच गेले.

ऊन डोक्यावर आलं. काकीनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. "शिवल्याबिगर मी हलायची नाय," म्हणून ती पायरीवर बसून राहिली. तिचे सुकलेले ओठ बघवेनात. मी पिंडापुढं हात जोडले.

"आप्पा, चुकलो! मैदानावर पाणी मी मारलं होतं!"

माईक चालूच होता. अख्ख्या घाटानं ऐकलं. आणि कावळे? तरीही ढिम्म!

काकी उठून माझ्याकडं आली. आता कानफटात बसणार, म्हणून मी डोळे मिटले.

"त्यांला ठावं व्हतं," ती म्हणाली. "त्याच दिशी. तुझी चड्डी चिखलानं भरल्याली व्हती. मला म्हणायचे, तू बोलू नगं, पोरगं येईल आपणहून सांगायला. लई वाट बघितली रं त्यांनी."

मी साठी ओलांडलेला माणूस, चारचौघांत हमसून रडलो. काकीनं पिंडाकडं तोंड केलं.

"आवो, सांगितलं बरं का त्यानं. या, जेवा आता."

तेव्हा कुठं एक कावळा उतरला.

घरी आल्यावर मी बायकोला बजावलंय, माझ्या दहाव्याला भाषणं ठेवू नकोस, पण मांडव मोठा घाल. कावळा लवकर शिवायचा नाही, लोकांना ऊन लागेल!