म्हशीनं मारलं म्हणे!

मंडळी, इंग्रजीत ‘प्लॉझिबल’ असा एक शब्द आहे. मी तो संगमनेरच्या कॉलेजात शिकवते. ऐकताना खरं वाटेल असं, एवढाच त्याचा अर्थ. ते खरं असेलच, असं नाही.

आज सकाळी शेजारणीला दवाखान्यात नेलं. तिला मंदा म्हणू. डोळा सुजून बंद, दंडावर बोटांचे वळ. नवरा सोबत होताच. तोच बोलला, "धार काढताना म्हशीनं लाथ मारली, सायेब."

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "प्लॉझिबल आहे मॅडम. आपल्याकडे होतं असं."

माझं डोकंच फिरलं! म्हशीला बोटं असतात का? म्हटलं, "डॉक्टर, यांची म्हैस दिवाळीतच घोडेगावच्या बाजारात विकली. गोठा रिकामा आहे."

मंदाच खाली बघत म्हणाली, "शेजाऱ्यांची म्हैस हुती, सायेब."

शेजारी मी. माझ्याकडे साधं मांजरही नाही!

डॉक्टरांनी मान डोलावली आणि गोळ्या लिहून दिल्या. तो सुजलेला डोळा समोर असताना ‘प्लॉझिबल’ म्हणायला जीभ कशी रेटते हो?

आणि तुम्ही सांगा. तुमच्या शेजारी कुणाला ‘म्हैस’ मारते, हे तुम्हाला खरंच माहीत नाही?