कुठल्याच गावात नसलेली चाळ

आई दीड किलोमीटरवरच्या विहिरीवरून पाणी आणायची. डोक्यावरून शिर्डीची विमानं जायला लागली, तरी आमच्या चाळीत नळ आला नाही. चाळ सरकारी ऊसमळ्याच्या मजुरांची, दोन गावांच्या शिवेवर. नळ मागायला गेलं की एक ग्रामपंचायत दुसरीकडे बोट दाखवायची. आमदार-खासदाराला आम्ही मत द्यायचो. सरपंचाला, मेंबरला नाही. मग नळासाठी भांडणार कोण?

चाळीतला पहिला पदवीधर मी. हे मी अभिमानाने सांगतो. तहसीलच्या निवडणूक शाखेत कारकून आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की आम्ही विधानसभेची मतदार यादी फोडून वॉर्डवार याद्या करतो. वॉर्डाच्या नकाशात जे घर नाही, त्यातली नावं गळतात. यंदाचा कच्चा नकाशा माझ्याच टेबलावर आला. त्यात चाळ नव्हती.

नायब तहसीलदारांना सांगितलं.

"तुमचं घर आहे म्हणून म्हणताय?"

"होय साहेब."

"मग तुम्ही यात पडू नका. ज्याची हरकत असेल त्याने अर्ज द्यावा."

बरोबर होतं. अर्ज आईने दिला. प्रांतसाहेबांपुढच्या सुनावणीला मी मागे उभा राहिलो.

ग्रामसेवक म्हणाले, "मावशी, चाळ आमच्या हद्दीत नाही. शेजारच्या गावाला विचारा."

"इचारलं, भाऊसाहेब. ते म्हनत्यात तुमाला इचारा. आता तुमी दोघं एकदा एकमेकांला इचारा की!"

प्रांतसाहेब हसले. मग म्हणाले, "पुरावा आहे का काही?"

आईने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. वडिलांच्या मृत्यूचा दाखला. शिष्यवृत्तीसाठी मी तो कितीदा झेरॉक्स केला होता.

"मालक चाळीतच गेलं. शिक्का तुमच्याच हापिसाचा हाय, भाऊसाहेब. मेलेला मानूस तुमच्या गावचा, आन् मी जित्ती हाय तवर कुणाचीच न्हाई व्हय?"

नियम असा की, मृत्यू जिथे होतो तिथल्याच ग्रामपंचायतीत त्याची नोंद होते. दाखल्यावर मृत्यूचं ठिकाण लिहिलेलं होतं: मळ्याची चाळ. प्रांतसाहेबांनी मृत्यूचं रजिस्टर मागवलं. चाळीत वारलेल्या प्रत्येकाची नोंद त्यात निघाली. ग्रामसेवकांनाही जुना नकाशाच मिळाला होता.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "येवढा शिकला, घरातला कागद वाचला न्हाईस."

तेव्हापासून मी कागद आधी वाचतो, मग झेरॉक्स करतो.

नळ अजून आलेला नाही. चाळ वॉर्ड तीनमध्ये आली आहे. साठी उलटल्यावर आईने पहिल्यांदा मेंबरला मत दिलं.